हसू सुधारावे, पण दात राखून

शाळेत खो-खो खेळताना मी खांबावर तोंडावर आपटले आणि वरच्या पटाशीच्या दातांपैकी मधला डावा दात हलला. तो पडला नाही, तुटला नाही, काही दिवसांत पुन्हा घट्टही झाला. पण पुढे त्याचा रंग हळूहळू राखाडी होत गेला आणि दहावीच्या निरोपसमारंभाच्या छायाचित्रात तो शेजारच्या दातांपेक्षा स्पष्टपणे काळपट दिसतो. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. जोराच्या धक्क्याने तो मरू शकतो, आणि मग त्यातील रक्ताचे घटक दाताच्या अंतर्भागातील अतिसूक्ष्म नलिकांमध्ये झिरपून तेथेच राहतात. डाग आतून आलेला असल्यामुळे कितीही घासले तरी तो जात नाही. त्यानंतर अनेक वर्षे मी ओठ मिटून हसले. तोंडावर पदर किंवा हात धरून हसणारी माणसे, विशेषतः बायका, मला आजही सगळीकडे दिसतात, आणि म्हणूनच दातांचे सौंदर्य ही केवळ श्रीमंतांची चैन आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

नोकरी लागल्यावर मी एका दवाखान्यात गेले. तेथे माझ्या चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन संगणकाच्या पडद्यावर माझे भावी हसू दाखवण्यात आले आणि वरच्या आठ दातांवर व्हेनियर, म्हणजे चिनी मातीच्या पातळ चकत्या, बसवाव्यात असे सुचवण्यात आले. काळा दात एक होता. उरलेल्या सात दातांना कीड नव्हती, डाग नव्हता, ते वाकडेही नव्हते. त्यांचे काय करणार, असे मी विचारले तेव्हा चकती बसण्यापुरता त्यांचा पुढचा भाग थोडा तासावा लागेल, असे उत्तर मिळाले. मी विचार करण्यासाठी वेळ मागून घेतला आणि दुसरे मत घ्यायला एका शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तेथील प्राध्यापिकेने एक्स-रे पाहून सांगितले की या दाताचे आधी रूट कॅनाल करायला हवे, आणि नंतर त्याच दाताच्या आतून त्याचा रंग उजळवता येईल. बाकीच्या दातांना हात लावण्याचे काहीच कारण नाही.

हा उपचार फार लोकांना माहीत नसतो, म्हणून तो सविस्तर सांगते. रूट कॅनालसाठी दाताच्या मागच्या, म्हणजे टाळूच्या बाजूने छिद्र पाडलेले असते. मुळातील पोकळी भरून झाल्यावर तिच्या तोंडाशी सिमेंटचा एक थर देऊन मूळ पूर्ण बंद करतात, कारण उजळवणारे द्रव्य मुळाच्या बाजूला झिरपले तर दात हिरडीजवळ बाहेरच्या बाजूने झिजू लागण्याचा धोका असतो. त्यानंतर दाताच्या वरच्या भागातील पोकळीत सोडियम परबोरेटची पूड पाण्यात कालवून भरतात, छिद्र तात्पुरते बंद करतात आणि रुग्णाला घरी पाठवतात. त्यातून हळूहळू सुटणारा ऑक्सिजन आतील रंगद्रव्य फोडत राहतो. काही दिवसांच्या अंतराने जुने द्रव्य काढून नवे भरतात आणि रंग शेजारच्या दाताशी जुळत आला की थांबतात. शेवटचे पक्के फिलिंग लगेच करत नाहीत, कारण दातात उरलेला ऑक्सिजन फिलिंगला नीट चिकटू देत नाही. त्यासाठी एक-दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. माझा दात आज शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळत नाही, पण समोर बसून बोलणाऱ्याला फरक कळत नाही. पुढे तो पुन्हा काळवंडू शकतो याची मला कल्पना आहे. तसे झाल्यास हाच उपचार पुन्हा करता येईल, आणि गरज पडल्यास त्या एका दातावर व्हेनियर किंवा कॅपही बसवता येईल. दात शाबूत असल्यामुळे पुढचे सर्व मार्ग मोकळे आहेत.

माझे या विषयावरचे सगळे म्हणणे या अनुभवातून आणि त्यानंतरच्या वाचनातून तयार झालेले आहे. दातावरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. त्वचा भरून येते, मोडलेले हाड सांधते, पण तासून काढलेले इनॅमल आयुष्यात पुन्हा तयार होत नाही. पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूला त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीकडे ती आणखी कमी होत जाते. म्हणून हसू सुधारण्याच्या कोणत्याही उपचाराबद्दल माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. या उपचारात मूळ दाताचा किती भाग कायमचा जाणार आहे, हे मी आधी विचारते. ज्यात काहीच जात नाही तो उपचार आधी करून पाहावा, ज्यात थोडे जाते तो नंतर, आणि दात चहूबाजूंनी तासावा लागणारी कॅप ही खरोखर गरज असेल तेव्हाच स्वीकारावी, असा क्रम मला योग्य वाटतो.

या क्रमात सर्वांत आधी येते ती साफसफाई. दातांवर साचलेले कीटण काढण्याच्या उपचाराला, म्हणजे स्केलिंगला, आपल्याकडे अनेक जण घाबरतात, कारण त्याने दात हलू लागतात आणि फटी पडतात असा समज घरोघरी आहे. वस्तुतः फटी कीटणाने भरलेल्या असतात आणि हिरड्या सुजलेल्या असतात. कीटण निघून सूज उतरली की आधीपासून असलेली जागा दिसू लागते. पायरियाने हाड झिजलेले असेल तर दात आधीच सैल झालेला असतो, कीटणाने तो केवळ धरून ठेवल्यासारखा वाटत असतो. हिरडीतून रक्त येत असताना वर कितीही सुंदर काम केले तरी ते टिकत नाही. मिश्री आणि तंबाखूबद्दल तर मला अतिशय कळकळीने लिहायचे आहे. ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य स्त्रिया आजही भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात आणि तिला दात स्वच्छ करण्याचे साधन मानतात. तिने दात काळे होतात, हिरड्या खराब होतात, आणि तंबाखू असल्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. दात पांढरे करून घ्यायला आलेल्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण दिसला, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी व्हायला हवी.

दात उजळवण्याच्या उपचारात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दातांच्या मापाचा साचा बनवून रात्री त्यात सौम्य जेल भरून घालण्याची पद्धत 1989 मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाली आणि आजही ती विश्वासार्ह मानली जाते. त्यातील नेहमीचे 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड हे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बरोबरीचे असते. काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात, ते बहुधा आपोआप थांबते. मात्र कॅप, फिलिंग आणि कवळी यांचा रंग या जेलने बदलत नाही, म्हणून पुढच्या दातावर कॅप बसवायची असेल आणि दातही उजळवायचे असतील तर उजळवणे आधी करून, काही दिवस थांबून, मगच कॅपचा रंग ठरवावा. घरी लिंबू आणि मीठ चोळण्याचा जो उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तो कृपया करू नये. लिंबाच्या आम्लात इनॅमल विरघळते आणि मिठाने ते घासले जाते. दात काही दिवस स्वच्छ दिसतात, आणि पुढे आतला पिवळसर थर अधिकच दिसू लागतो. कोळशाच्या दंतमंजनाबाबतही माझे मत वेगळे नाही.

दाताचा कोपरा उडालेला असेल किंवा मधली फट बुजवायची असेल, तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिनचे फिलिंग, हा मला सर्वांत समंजस उपाय वाटतो. 1955 मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्याने दाखवून दिले की इनॅमलवर काही क्षण आम्ल लावले तर त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि कृत्रिम रेझिन त्याला घट्ट धरून राहते. आजचे सारे चिकटवण्याचे दंतशास्त्र या शोधावर उभे आहे, कारण त्यापूर्वी कोणतीही भर टिकवायची तर दातात खाच कोरावी लागत असे. कंपोझिट एकाच बैठकीत होते, त्यासाठी दात जवळजवळ तासावा लागत नाही, तुटले तर दुरुस्त करता येते. त्याची उणीव अशी की चहा, तंबाखू आणि आपल्या स्वयंपाकातील हळद यांनी त्यावर काही वर्षांत डाग चढतात, मग त्याला पुन्हा पॉलिश करावे लागते किंवा ते बदलावे लागते. व्हेनियर त्या मानाने रंग टिकवतात. त्यांचा आरंभ 1928 च्या सुमारास हॉलीवुडमध्ये झाला. चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य चित्रीकरणापुरत्या अशा चकत्या नटांच्या दातांवर तात्पुरत्या चिकटवत आणि काम संपले की त्या काढून टाकल्या जात. त्या कायमच्या बसवणे शक्य झाले ते चिकटवण्याचे तंत्र विकसित झाल्यावर. योग्य ठिकाणी व्हेनियर हा उत्तम उपचार आहे, हे मी आवर्जून लिहिते. माझा आक्षेप आहे तो निरोगी दातांची रांगच्या रांग एका दाताच्या निमित्ताने तासण्याला.

योग्य ठिकाण म्हणजे कोणते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावे, असा भारतीय मानकाचाही दंडक आहे. इनॅमल घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले तर पुढे दातांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्टे येतात आणि तीव्र प्रकारात इनॅमल खड्डे पडून उडते. या मुलामुलींना लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी काय ऐकावे लागते, ते मी जवळून पाहिले आहे. येथेही क्रम तोच: सौम्य डागांसाठी वरचा अगदी पातळ थर घासून काढणे आणि उजळवणे, मध्यम डागांसाठी कंपोझिट, आणि इनॅमल मुळातच निकामी झाले असेल तेथे व्हेनियर किंवा कॅप. दात वाकडे किंवा पुढे आलेले असतील तर तारा लावून ते सरळ करावेत, मग वय तिशी-चाळिशीचे का असेना. वाकडे दात तासून कॅपने सरळ दाखवणे हा वेळ वाचवणारा, पण दात खर्ची घालणारा मार्ग आहे.

आता गेलेल्या दाताविषयी. दाढ काढली की दुखणे थांबते आणि ती जागा दिसतही नाही, त्यामुळे आपण वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहत नाही. दरम्यान शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ आधार नसल्यामुळे हळूहळू बाहेर येते, चावण्याचे गणित बिघडते आणि कललेल्या दातांच्या सांध्यात अन्न अडकून त्यांनाही कीड लागते. ज्या हाडात दात रुतलेला होता त्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात लक्षणीय घटते आणि त्यातील बराचसा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांतच जातो. वरचा दात काढल्याने डोळ्यांवर परिणाम होतो या भीतीला मात्र कोणताही आधार नाही.

नवा दात बसवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत: काढता-घालता येणारा दात, ब्रिज आणि इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात. ब्रिजमध्ये मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कॅपसाठी चहूबाजूंनी तासतात आणि त्यांच्या आधाराने मधला दात उभा करतात. शेजारच्या दातांवर आधीच मोठी फिलिंग असतील तर हा चांगला उपाय आहे. ते दात निरोगी असतील तर एकासाठी दोघांचे इनॅमल द्यावे लागते, आणि तासलेल्या दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनाल करावे लागते. समोरच्या एका दातासाठी मेरीलँड ब्रिज हा प्रकार असतो, ज्यात कृत्रिम दाताचा पंख शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवतात. त्यात तासणे नाममात्र असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचा पुढचा दात गेला तर मोठे होईपर्यंत हाच मार्ग बरा, कारण जबड्याची वाढ चालू असताना इम्प्लांट केले तर शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात, इम्प्लांट मात्र जागेवरच राहते आणि काही वर्षांनी ते आखूड दिसू लागते.

इम्प्लांटचा शोध दातांच्या शोधात लागलेला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रेनेमार्क हे 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर हाड त्या धातूला असे जुळून गेले होते की ते निघेना. या निरीक्षणावर त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले आणि 1965 मध्ये योस्टा लार्सन या, जन्मतः जबड्यात दोष असलेल्या आणि खालचे दात नसलेल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले तोपर्यंत ते इम्प्लांट चाळीसहून अधिक वर्षे काम देत होते. आजही तत्त्व तेच आहे: साधारण चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू हाडात बसवायचा, हाड त्याला धरून घेईपर्यंत काही महिने थांबायचे आणि मग त्यावर दात चढवायचा. शेजारच्या दातांना धक्का लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

तरीही इम्प्लांट म्हणजे मूळ दात नव्हे. मूळ दात आणि हाड यांच्यामध्ये एक संवेदनशील पडदा असतो, त्यामुळे भाकरीतला बारीक खडाही आपल्याला लगेच कळतो; इम्प्लांटला ती जाणीव नसते. त्याला कीड लागत नाही, पण स्वच्छता नसेल तर भोवतीची हिरडी आणि हाड मात्र खराब होते. नियंत्रणात नसलेला मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे ते निकामी होण्याची शक्यता वाढते. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांट करण्यापूर्वी ही गोष्ट न विचारता सांगावी, कारण त्यांच्या जबड्याचे हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते, म्हणून आधी त्रिमितीय एक्स-रे काढून हाडाची उंची-रुंदी मोजणे हे अनावश्यक खर्चात धरू नये.

तोंडाचे बोळके झालेल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. माझ्या आत्याने संपूर्ण कवळी करून घेतली तेव्हा वरची कवळी टाळूला धरून छान बसली, पण खालची जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जात असे. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी असते आणि तेथील हाड वरच्यापेक्षा अधिक झिजते, त्यामुळे ही तक्रार जवळजवळ सर्वांची असते. सुरुवातीला तिला ‘त’, ‘द’ आणि ‘चमचा’तला ‘च’ नीट उच्चारता येईना, कारण हे ध्वनी जीभ वरच्या दातांशी किंवा दातांच्या मुळाशी नेऊनच काढावे लागतात. मोठ्याने पोथी वाचण्याच्या तिच्या रोजच्या सवयीने ते काही आठवड्यांत सुटत गेले. पुढे तिच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर टिचबटणासारखी अडकवण्यात आली, आणि तिचे जेवण बदलून गेले. 2002 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी असे दोन इम्प्लांट हा पहिल्या पसंतीचा उपचार मानावा, असे मत दिले होते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, साध्या साबणाने मऊ ब्रशने धुवावी, टूथपेस्टने घासू नये आणि गरम पाण्यात तर कधीच घालू नये, कारण ती वाकते.

अपघाताने अख्खा दात निखळून पडला तर तो स्वतःचाच दात पुन्हा बसवता येतो, हे प्रत्येक पालकाला आणि क्रीडाशिक्षकाला माहीत असायला हवे. दात मुळाला न धरता वरच्या भागाने उचलावा, माती लागली असल्यास क्षणभर पाण्याखाली धरावा, मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर लगेच जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. जितका उशीर, तितकी तो वाचण्याची शक्यता कमी. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो.

उपचार ठरवताना लेखी योजना मागावी: कोणत्या दाताचे काय करणार, किती तासणार, दुसरा पर्याय कोणता, दात कोणत्या पदार्थाचा असेल आणि तो बिघडल्यास पुढे काय करता येईल. पुढच्या दातांचे काम असेल तर तासण्यापूर्वीच तात्पुरत्या द्रव्याने नवा आकार तोंडात तयार करून दाखवता येतो. आरशात तो पाहावा, बोलून पाहावे, घरच्यांना दाखवावा. रंगाची निवड बैठकीच्या सुरुवातीलाच, दिवसाच्या उजेडात करून घ्यावी, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकून मूळ रंगापेक्षा पांढरे दिसतात. फार पांढऱ्या छटेचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांतील पांढऱ्या भागाकडे एकदा पाहावे. त्याहून पांढरे दात चेहऱ्यात मिसळत नाहीत. अवघड कामासाठी कृत्रिम दातांच्या शाखेतील पदव्युत्तर तज्ज्ञ, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्ट, गाठावा, आणि खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तेथे वेळ अधिक लागतो, पण प्रत्येक टप्पा शिक्षकांच्या नजरेखालून जातो. इम्प्लांट झाल्यावर त्याच्या वेष्टनावरील कंपनीचे नाव, माप आणि क्रमांक असलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि एक्स-रेसह जपून ठेवावी, कारण पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावी वरचा स्क्रू सैल झाला तर तेथील डॉक्टरांना नेमके कोणते भाग मागवायचे हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.